वऱ्हाडातून संगीतरचनेत पीएच.डी.

संगीतरचनेत डॉक्टरेट करायची म्हणजे आपल्याकडे प्रत्यक्षात ‘संगीत’ या विषयात पीएच.डी. करायची आणि रचना हा त्या प्रबंधाचा विषय ठेवायचा. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत रचनाकारांसाठी ‘डॉक्टर ऑफ म्युझिकल आर्ट्‌स’ ही स्वतंत्र पदवी असते आणि तिथे उमेदवाराच्या स्वतःच्या रचना मुख्य मानल्या जातात. भारतातील बहुतेक विद्यापीठांत परीक्षकांपुढे जातो तो लिखित प्रबंध. त्यामुळे बंदिश बांधणारा, गझलेला चाल लावणारा किंवा नाटकाला संगीत देणारा माणूस या पदवीकडे वळला की पहिल्याच टप्प्यावर त्याच्यापुढे एक अवघड काम उभे राहते. जे तो गळ्याने आणि कानाने करत आला, त्यातून त्याला एक प्रश्न काढावा लागतो, आणि तोही कागदावर मांडता येईल, तपासता येईल असा. गुण, कागदपत्रे, शुल्क या गोष्टी वेळेवर जमवता येतात. अर्ज अडतो तो बहुधा या प्रश्नापाशी.

वऱ्हाडातील उमेदवाराचे घरचे विद्यापीठ म्हणजे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ. ते १ मे १९८३ रोजी स्थापन झाले. त्याआधी हा भाग नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत होता. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे त्याच्याकडे येतात. प्रवेशाच्या नियमांची चौकट मात्र देशभर एकच आहे, ती विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या पीएच.डी. विनियमांची. विद्यापीठे आपापले नियम त्याच आधारे काढतात. उमेदवाराने आधी हे विनियम वाचावेत आणि मग विद्यापीठाची त्या वर्षीची अधिसूचना. अधिसूचना तेवढी वाचली तर तारखा कळतात, अटींमागची कारणे कळत नाहीत.

विशारद, अलंकार आणि एम.ए.

मूळ अट पदव्युत्तर पदवीची आहे. त्या पदवीत किमान ५५ टक्के गुण किंवा समतुल्य श्रेणी हवी. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, नॉन-क्रिमी लेअर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक यांना ५ टक्क्यांची सवलत असते. चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी मिळवलेल्या विद्यार्थ्यालाही नव्या विनियमांनी थेट पीएच.डी.चा रस्ता मोकळा केला आहे.

संगीतात नेमकी याच ठिकाणी अनेकांची गाडी अडते. लहान शहरांतील कित्येक चांगले गायक-वादक अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत वाढलेले असतात. प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा, विशारद असे करत अलंकारपर्यंत पोचायला बरीच वर्षे जातात, आणि ‘अलंकार म्हणजे एम.ए.च’ हे वाक्य प्रत्येक क्लासमध्ये ऐकू येते. तयारीच्या दृष्टीने त्यात तथ्यही आहे. अलंकारचा प्रात्यक्षिक भाग सोपा नसतो. पण १९५६च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याने पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना आणि कायद्याने तसा हक्क मिळालेल्या संस्थांनाच दिला आहे. परीक्षा मंडळाचे प्रमाणपत्र कुठे कशाच्या बरोबरीचे धरले जाते, हे विद्यापीठागणिक आणि कामागणिक बदलते. पीएच.डी.साठी केवळ अलंकारवर भिस्त ठेवणे धोक्याचे आहे. ज्याच्याकडे विद्यापीठाची एम.ए. नाही त्याने ती आधी करावी, निदान समकक्षतेबद्दल विद्यापीठाकडून लेखी उत्तर घ्यावे. तोंडी मिळालेला होकार छाननीच्या वेळी कामाला येत नाही.

विदर्भातल्या संगीताच्या विद्यार्थ्यांना खैरागडचे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय जवळचे वाटते. छत्तीसगडमधील हे विद्यापीठ १९५६ साली स्थापन झाले आणि आचार्य श्रीकृष्ण रातंजनकरांनी त्याचे कुलगुरुपद सांभाळले. ते रीतसर विद्यापीठ असल्यामुळे तिथली एम.ए. ही पदवीच ठरते. महाराष्ट्रात मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग, एस.एन.डी.टी. आणि पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाचे ललित कला केंद्र हीही परिचयाची ठिकाणे आहेत.

पेट आणि नेट

प्रवेश परीक्षेला विद्यार्थी ‘पेट’ म्हणतात. आयोगाच्या विनियमांप्रमाणे तिच्यात निम्मे प्रश्न संशोधनपद्धतीवर आणि निम्मे विषयावर असतात. पात्रतेसाठी ५० टक्के गुण लागतात, राखीव गटांना ५ टक्के सवलत मिळते. विद्यापीठाच्या परीक्षेतून प्रवेश होतो तिथे लेखी परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो. संगीताच्या विद्यार्थ्यांची पंचाईत होते ती संशोधनपद्धतीच्या भागात. राग, ताल, घराणी, ग्रंथ यांची तयारी एम.ए.ला झालेली असते. गृहीतक म्हणजे काय, नमुना कसा निवडतात, प्राथमिक साधन आणि दुय्यम साधन यांत फरक काय, हे त्यांना नवे असते. या भागाला दोन महिने दिले तरी पुरे होतात, पण ते द्यावेच लागतात.

दुसरा मार्ग नेटचा, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा. संगीत हा नेटमधला स्वतंत्र विषय आहे. दोन पेपर मिळून १५० प्रश्न आणि ३०० गुण, वेळ तीन तास. जून २०२४च्या परीक्षेपासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो. पहिल्या गटाला कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, सहायक प्राध्यापकपदाची पात्रता आणि पीएच.डी. प्रवेश हे तिन्ही मिळते. दुसऱ्याला प्राध्यापकपदाची पात्रता आणि प्रवेश, तिसऱ्याला फक्त प्रवेश. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाचे गुण प्रवेशासाठी एक वर्षच चालतात, हे लक्षात न ठेवल्याने चांगले गुण वाया जाऊ शकतात.

मार्गदर्शक

परीक्षा पास होऊनही प्रवेश अडतो तो मार्गदर्शकाअभावी. एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार संशोधक ही कमाल मर्यादा आहे. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरलेल्या अध्यापकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही. मराठी किंवा इतिहासासारख्या विषयात मार्गदर्शक बरेच असतात. संगीतात ते मोजके, त्यामुळे जागाही मोजक्या. म्हणून पेटचा निकाल लागल्यावर शोध सुरू करण्यापेक्षा अर्जाच्या आधीच मान्यताप्राप्त मार्गदर्शकांची यादी मिळवावी, त्यांच्याकडे पूर्वी झालेले प्रबंध पाहावेत आणि आपला विषय त्यांच्या अभ्यासाच्या जवळचा आहे का ते तपासावे.

हे पाहण्याची सोय आज घरबसल्या आहे. देशभरातील विद्यापीठांचे प्रबंध ‘शोधगंगा’ या संग्रहात ठेवले जातात आणि ते कोणालाही उघडून वाचता येतात. तिथे शोध घेताना नाव देवनागरीतही टाकावे आणि रोमन लिपीतही, कारण एकाच विषयाचे प्रबंध दोन्ही प्रकारे नोंदलेले सापडतात. आपण ठरवलेल्या विषयावर प्रबंध आधीच झालेला दिसला तर लगेच विषय सोडू नये. तो प्रबंध कुठे थांबला आहे ते पाहावे. बहुतेक वेळा तो पदांच्या आशयापाशी थांबलेला असतो आणि चालीचे विश्लेषण शिल्लक असते.

विषय दोन शाखांत पसरलेला असेल तर सहमार्गदर्शक घेता येतो. लोकगीतांच्या चालींवर काम करणाऱ्याला लोकसाहित्याचा अभ्यासक सहमार्गदर्शक मिळाला, तर प्रबंधाची एक बाजू लंगडी राहत नाही.

आराखडा : चालीचा प्रश्न कसा करायचा

संशोधन आराखड्याला सगळे ‘सिनॉप्सिस’च म्हणतात. विषयाची मांडणी, आधी झालेले काम, उद्दिष्टे, गृहीतके, पद्धती, साधने, प्रकरणांची रूपरेषा आणि संदर्भ हा त्याचा ठरलेला ढाचा. ढाचा भरणे कठीण नसते. कठीण असते ते शीर्षकातले शेवटचे दोन शब्द टाळणे. ‘चिकित्सक अभ्यास’, ‘सौंदर्यशास्त्रीय अभ्यास’, ‘योगदान : एक अभ्यास’ अशा शेपटांची शीर्षके कोणत्याही संगीतकाराला लावता येतात आणि म्हणूनच ती काही सांगत नाहीत. रचनाकाराने तर त्यांच्या वाटेलाच जाऊ नये. चाल कशी बनते हे त्याला आतून ठाऊक असते, आणि प्रश्न तिथूनच निघायला हवा. वऱ्हाडात अशा प्रश्नांची खाण आहे.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजने घ्या. अमरावती जिल्ह्यातील यावली हे त्यांचे जन्मगाव. १९३५ साली त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला. हातात खंजिरी घेऊन गायलेल्या त्यांच्या मराठी आणि हिंदी भजनांनी गावेच्या गावे जागी केली. छापील भजनसंग्रहांत अनेक भजनांच्या डोक्यावर ‘तर्ज’ असे लिहून एखाद्या आधीच्या गाण्याचे शब्द दिलेले असतात, म्हणजे हे भजन त्या चालीवर म्हणायचे. संशोधकाच्या दृष्टीने ती एक ओळ फार मोलाची आहे. ‘तुकडोजी महाराजांच्या भजनांचा सांगीतिक अभ्यास’ हा विषय इतका मोठा आहे की त्यात काहीच सिद्ध होत नाही. त्याऐवजी असे विचारता येते : ज्या भजनांवर तर्ज दिलेली आहे, त्यांची मूळ गाणी कोणती? मूळ चाल भजनात येताना तिच्यात काय बदलले? लय वाढली का? मुखडा आखडला का, की समूहाला उचलता यावा म्हणून पल्ला कमी स्वरांत आणला? खंजिरीचा ठेका मूळ तालाशी जुळतो की त्याला स्वतःकडे ओढून घेतो? आज गुरुदेव सेवा मंडळांच्या प्रार्थनेत तेच भजन गायले जाते तेव्हा ते छापील तर्जेशी किती इमान राखून आहे? एवढे प्रश्न मांडले की आराखड्यातील उद्दिष्टांचे पान तयार झाले. नमुनाही आपोआप ठरतो, कारण सगळी भजने घ्यायची गरज उरत नाही. तर्ज दिलेली आणि मूळ गाणे सापडणारी भजने पुरतात. शिवाय या अभ्यासातून एक मोठा प्रश्न उभा राहतो. तयार चालीत नवे शब्द बसवणाऱ्याला रचनाकार म्हणायचे की नाही? संगीतशास्त्राला हा प्रश्न जुना आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथात वाग्गेयकाराची, म्हणजे शब्द आणि स्वर दोन्ही रचणाऱ्याची, लक्षणे दिली आणि त्याच्या उत्तम, मध्यम, अधम अशा पायऱ्याही लावल्या. देवगिरी म्हणजे आजचे दौलताबाद. त्या कसोट्या खंजिरी भजनाला लावून पाहिल्या तर प्रबंधाला एक भक्कम सैद्धांतिक प्रकरण मिळते.

दुसरी खाण गझलेची. सुरेश भट अमरावतीचे, जन्म १५ एप्रिल १९३२. त्यांच्या शब्दांना हृदयनाथ मंगेशकरांपासून अनेकांनी चाली दिल्या. गझलगायनालाच आयुष्य वाहिलेले भीमराव पांचाळे हेही अमरावती जिल्ह्यातील आष्टगावचे. गझलेची बांधणी रचनाकाराला एक ठरावीक पेच घालते. मतल्याच्या, म्हणजे पहिल्या शेराच्या, दोन्ही ओळींत काफिया (यमक) आणि रदीफ (त्यामागून तसाच पुन्हा येणारा शब्द) येतात, पुढच्या शेरांत ते फक्त दुसऱ्या ओळीत येतात. म्हणून गायक शेराची पहिली ओळ वरच्या स्वरांत नेऊन घोळवतो, श्रोत्याला थांबवून धरतो आणि दुसऱ्या ओळीला मुखड्याच्या चालीत परततो. काफियाच्या शब्दावर दाद येते ती या थांबवण्यामुळे. आता प्रश्न असा करता येतो : सम कुठे पडते, काफियावर की रदीफवर? दोन संगीतकारांनी हे वेगळे ठरवले असेल तर शेराचा परिणाम कसा बदलतो? मराठी गझल लगक्रमाच्या वृत्तात चालते. लघू अक्षराला एक मात्रा, गुरूला दोन. चाल लावणारा ही मापे पाळतो की लघू अक्षरावर स्वर रेंगाळू देतो? पंधरा-वीस गझला आणि त्यांची उपलब्ध ध्वनिमुद्रणे घेऊन हे मोजता येते. मोजता येणे हेच या विषयाचे बळ आहे. मुलाखतीत समितीने ‘पद्धती काय?’ विचारले तर उत्तर तयार असते.

नाट्यसंगीताचाही वऱ्हाडाशी जुना संबंध आहे. ‘रणदुंदुभी’ नाटकाचे लेखक वीर वामनराव जोशी अमरावतीचे. १९२७ साली आलेल्या या नाटकाच्या पदांना रामकृष्णबुवा वझ्यांनी चाली दिल्या आणि ती मास्टर दीनानाथांनी गाजवली. वसंतराव देशपांडे अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूरला जन्मले. १९६७च्या ‘कट्यार काळजात घुसली’मधील खाँसाहेबांच्या भूमिकेत जितेंद्र अभिषेकींच्या चाली त्यांच्या गळ्यातून कशा फुलल्या, म्हणजे रचनाकाराने बांधलेले कुठे संपते आणि गायकाने भरलेले कुठे सुरू होते, हा रचनेच्या अभ्यासातील अस्सल प्रश्न आहे. मात्र यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, तेव्हा नवे काय सांगणार हे आराखड्यात ठणकावून लिहावे लागेल.

भुलाबाईची गाणी मात्र अजून पुरती लिहून झालेली नाहीत. भाद्रपद पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वऱ्हाडातल्या मुली भुलाबाई-भुलोजीच्या मातीच्या मूर्तीपुढे टाळ्या-टिपऱ्यांच्या ठेक्यावर ही गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापत ओळखायची असते. शब्द अनेकांनी संकलित केले, चाली फार थोड्यांनी. चाल लहान, चार-पाच स्वरांत फिरणारी, आणि तीच ओळीमागून ओळ येते. वरवर पाहता त्यात अभ्यासण्यासारखे काही नाही असे वाटते. पण स्वरलेखन करायला बसले की अडचणी दिसू लागतात. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर टिंब, समेला फुली आणि खालीला शून्य. ही पद्धत बंदिशीसाठी घडलेली आहे. भुलाबाईच्या गाण्यात मुलींचा गंधार दरवेळी त्याच उंचीवर लागेलच असे नाही. कधी तो कोमल आणि शुद्ध यांच्या मध्येच कुठेतरी राहतो. ओळीत अक्षरे जास्त झाली तर ठेका न मोडता ती कोंबली जातात, कमी पडली तर शेवटचे अक्षर लांबते. हे कोमल लिहायचे की शुद्ध? कोंबलेल्या अक्षरांच्या मात्रा कशा वाटायच्या? इथे संशोधकाला स्वतःची खूण ठरवावी लागते, ती आराखड्यात सांगावी लागते आणि सोबत ध्वनिमुद्रण जोडावे लागते. मेळघाटातील कोरकू गाण्यांवर काम करणाऱ्यापुढे आणखी एक पायरी असते. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा आहे, मराठीशी तिचे नाते नाही, तेव्हा भाषा जाणणारा साथीदार नसेल तर स्वर आणि शब्द यांचा मेळच कळणार नाही.

स्वतःच्या रचनांचे स्थान

रचनाकार उमेदवाराच्या मनात एक खंत असते की आपल्या बंदिशींना प्रबंधात जागा नाही. जागा आहे, फक्त ती कमवावी लागते. आपल्याकडे विद्वत्ता आणि रचना एकाच माणसात नांदण्याची परंपरा जुनी आहे. भातखंड्यांनी ‘चतुर’ या नावाने, रातंजनकरांनी ‘सुजान’, जगन्नाथबुवा पुरोहितांनी ‘गुणिदास’ आणि चिं. रा. व्यासांनी ‘गुणिजान’ या नावाने बंदिशी बांधल्या. प्रभा अत्रे यांनी सरगम या विषयावर प्रबंध लिहिला आणि त्यांच्या स्वतःच्या बंदिशींचे संग्रहही प्रसिद्ध झाले. अश्विनी भिडे-देशपांडे यांची डॉक्टरेट जीवरसायनशास्त्रातली, पण त्यांच्या बंदिशींचा ‘रागरचनांजली’ हा संग्रह विद्यार्थी अभ्यासाला घेतात.

उमेदवाराने आपल्या रचना प्रबंधाच्या प्रश्नाशी बांधाव्यात. गझलेतील समेवर प्रबंध असेल तर एकाच गझलेला दोन चाली स्वतः द्याव्यात, एकीत सम काफियावर आणि दुसरीत रदीफवर, आणि फरक दाखवावा. अशी रचना परिशिष्टात पडून राहत नाही, युक्तिवादाचा पुरावा होते. ‘परिशिष्ट : संशोधकाच्या पंचवीस बंदिशी’ असे नुसते जोडल्याने प्रबंधाचे वजन वाढत नाही.

दुसऱ्याच्या रचना घेताना कायदा पाहावा. १९५७च्या स्वामित्व हक्क कायद्याप्रमाणे चाल आणि शब्द या दोन वेगळ्या कृती आहेत. दोहोंवरचा हक्क साधारणपणे कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्यानंतर साठ वर्षे टिकतो, ध्वनिमुद्रणावरचा हक्क आणखी निराळा. अभ्यासासाठी उतारे घेता येतात, पण संपूर्ण स्वरलेखन छापायचे तर हक्कदाराची लेखी परवानगी घेतलेली बरी. खेड्यात जाऊन आवाज टिपताना गाणाऱ्या बाईला हे कशासाठी चालले आहे ते समजावून सांगावे, तिची संमती घ्यावी आणि तिला हवे असेल तर तिचे नाव प्रबंधात सन्मानाने द्यावे. या गाण्यांना कर्ता नाही असे म्हणत गाणाऱ्याचेही नाव गाळण्याची सवय संशोधनाला शोभत नाही.

मुलाखत, कोर्सवर्क आणि पैसा

मुलाखतीत आराखड्यावर बोलावे लागते. गायला सांगितले तर गावे, पण गाण्याच्या भरवशावर राहू नये. समितीत संगीताबाहेरचे सदस्यही असू शकतात. त्यांना सम म्हणजे काय हे एका वाक्यात सांगता आले पाहिजे. तीन-चार मिनिटांचा एखादा ध्वनिमुद्रित तुकडा आणि त्याचे एका पानाचे स्वरलेखन सोबत असले, तर दहा मिनिटांच्या भाषणापेक्षा अधिक काम होते.

प्रवेशानंतर किमान १२ श्रेयांकांचे कोर्सवर्क करावे लागते. त्यात संशोधनपद्धती आणि संशोधन व प्रकाशन नीती हे विषय येतात, आणि ५५ टक्के मिळाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. संपूर्ण अभ्यासक्रमाची मुदत किमान तीन आणि कमाल सहा वर्षे. पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षे मिळतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्याहून दोन वर्षे जास्त, आणि महिलांना प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा घेता येते. नोकरी करणाऱ्यांना अर्धवेळ पीएच.डी. करता येते, त्यासाठी मालकाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. संगीत शिक्षकांना ही सोय विशेष उपयोगी आहे.

पैशाचा प्रश्न आधीच सोडवावा, कारण ध्वनिमुद्रण, प्रवास आणि टंकलेखन यांचा खर्च अंगावर येतो. नेटमधून कनिष्ठ अधिछात्रवृत्ती मिळाली तर २०२३पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. राज्यात अनुसूचित जातींच्या संशोधकांसाठी बार्टी, मराठा-कुणबी संशोधकांसाठी सारथी आणि ओबीसी, भटके-विमुक्त व विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्ती आहेत. या योजनांत नोंदणीची तारीख कळीची असते, म्हणून नोंदणीचे पत्र हाती आले की त्याच आठवड्यात जाहिराती पाहाव्यात.

परदेशी अर्जाचे गणित निराळे. अमेरिकेत अर्जांची मुदत बहुधा डिसेंबर-जानेवारीत संपते. दोन ते चार रचना, त्यांचे स्वरलेख आणि ध्वनिमुद्रणे, एखादा शोधनिबंध आणि तीन शिफारसपत्रे लागतात. ब्रिटनमध्ये रचनांचा संच आणि त्यावरचे लिखित भाष्य मिळून प्रबंध होतो. स्वरलेख पाश्चात्त्य पद्धतीचा हवा असतो, हा हिंदुस्थानी परंपरेतील उमेदवाराचा खरा अडथळा. रीना इस्माइल या अमेरिकी संगीतकारांनी येल विद्यापीठातून डॉक्टरेट करताना हिंदुस्थानी आणि पाश्चात्त्य संगीतकारांनी एकत्र काम कसे करावे हाच प्रश्न हाती घेतला. दोन्ही लिप्या येणाऱ्या माणसाला तिथे मागणी आहे. ज्याला केवळ भातखंडे पद्धत येते त्याने आधी एक-दोन वर्षे पाश्चात्त्य स्वरलेखनावर घालवावीत.

प्रबंध आणि मौखिक परीक्षा

दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची असते. लेखन पूर्ण झाले की वाङ्मयचौर्याची तपासणी होते. आयोगाच्या २०१८च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंतचे साम्य चालते. १० ते ४० टक्के असेल तर प्रबंध सुधारून द्यावा लागतो, ६०च्या वर गेले तर नोंदणीच रद्द होऊ शकते. संगीताच्या प्रबंधात बंदिशींचे शब्द आणि ग्रंथातली लक्षणे अवतरणचिन्हांत, संदर्भासह द्यावीत, म्हणजे ती चोरीत धरली जात नाहीत. मार्गदर्शकाखेरीज किमान दोन बाहेरचे परीक्षक प्रबंध तपासतात आणि मग खुली मौखिक परीक्षा होते. ती कोणालाही ऐकायला जाता येते. अर्ज करण्याआधी एखादी तरी खुली मौखिक परीक्षा मागच्या बाकावर बसून ऐकावी. परीक्षक कुठे बोट ठेवतात ते तिथे जितके कळते तितके कोणत्याही माहितीपत्रकातून कळत नाही.

पदवी मिळाल्यावर प्रबंध शोधगंगेवर जातो. मात्र तो वाचणारे बहुधा दुसरे संशोधकच असतात, आणि गाणी दिलेल्या गावापर्यंत तो पोचत नाही. ज्यांच्या घरी, ज्या भजनी मंडळात किंवा ज्या शाळेच्या अंगणात आवाज टिपले, त्यांना ध्वनिमुद्रणांची आणि स्वरलेखांची एक प्रत संशोधकाने स्वतः नेऊन द्यावी, आणि तेवढा खर्च आराखड्यातील अंदाजपत्रकात पहिल्या दिवशीच धरावा.